एल्डनच्या बोअरचं पाणी

त्या रविवारी एल्डनच्या कोठारातल्या जेवणात पाण्याला कोणी हात लावला नाही. टेबलाच्या मधोमध काचेचा मोठा जग होता, आत पुदिन्याची पानं, लिंबाच्या चकत्या, वर बर्फ. बर्फ वितळला, चकत्या तळाशी गेल्या, तरी जग भरलेलाच. पोरं सफरचंदाचा रस प्यायली, मोठी माणसं घरची बिअर. मर्सीने आपल्या पिशवीतून बाटली काढली, धाकट्याला पाजली, बाटली परत आत घातली आणि पिशवीची चेन लावली. पाण्याच्या बाटलीवर चेन कोण लावतं?

माझ्या मांडीवर मेबल होती, सात महिन्यांची. माझं दूध लवकरच आटलं होतं, तेव्हापासून ती पावडरच्या दुधावर. पावडर दुकानातली, पाणी एल्डनच्या बोअरचं. आमच्या वाटेवरच्या सातही घरांना त्याच बोअरचं पाणी येतं. नगरपालिकेची पाइपलाइन इथून बरीच लांब आहे आणि ती इथवर यावी असं इथे कोणाला वाटतही नाही.

टेबलाच्या त्या टोकाला वेस्ली रोझलिनला समजावत होता. रोझलिन शेवटच्या घरात नुकती भाड्याने आली होती. एकटी, पोट पुढे आलेलं, सहावा महिना. ती या लोकांपैकी नव्हती. भाडं परवडलं म्हणून आली होती आणि सगळ्यांकडे भाबड्या कौतुकाने बघत होती.

"साधं आहे गं," वेस्ली म्हणाला. तो पस्तिशीचा, अविवाहित, आणि ऐकणारं माणूस मिळालं की जेवण विसरणारा. "तुझं शरीर तुझं. तुझी कमाई तुझी. दुसऱ्याच्या अंगाला आणि दुसऱ्याच्या वस्तूला त्याच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही. झालं. एवढाच कायदा. बाकीचं माणसं आपापसात ठरवतील."

"आणि टॅक्स?" रोझलिनने विचारलं.

"बंदूक दाखवून मागितलेली वर्गणी."

सगळे हसले. एल्डन शेगडीवरचं मांस परतत होता, तिथून ओरडला, "तीस वर्षं टपाल खात्यात घासली मी. सरकार काय चीज आहे ते मला विचारा!"

"आणि पेन्शन कोण देतं हो, एल्डन?" मर्सी म्हणाली.

"पेन्शन नाही, वसुली म्हणायचं तिला!"

पुन्हा हशा. मीही हसले. कॉलेजात मी अशीच बोलायचे. कोल्टर मला भेटला तोच एका वादसभेत, त्याच्याशी लग्न करून या राज्यात आले तीही याच ओढीने. कोणी कोणाच्या मानगुटीवर बसायचं नाही, कोणी कोणाला शहाणपण शिकवायचं नाही. आमची माणसं आपमतलबी आहेत असं बाहेरचे म्हणतात, ते मला कधी पटलं नाही. मेबल झाली तेव्हा आमची चूल कितीतरी दिवस पेटली नव्हती. दारात रोज कोणाचं ना कोणाचं जेवण. हे कोणी कोणाला करायला लावलं नव्हतं.

म्हणूनच त्या जगाकडे बघताना मला स्वतःचीच लाज वाटत होती. पण बघायचं थांबवताही येईना.

घरी आल्यावर मी कोल्टरला म्हटलं, "आज पाणी कोणीच प्यायलं नाही."

"बिअर असताना पाणी कोण पितं?"

"मर्सी बिअर पीत नाही. पोरगं तर नाहीच नाही. तिने घरून पाणी आणलं होतं."

"तिची बाटली, तिचं पोर." त्याने बूट काढले. "ब्रिन, तू परवा म्हणालीस वेस्ली आपल्या खिडकीकडे बघतो. त्याच्या आधी म्हणालीस पावडरच्या डब्याचं सील सैल होतं."

"सैल होतंच."

"आणि आता पाणी."

"आपण हे पाणी तपासलंय का कधी?"

त्याने वर बघितलं. "घर घेतानाच्या तपासण्या तू बघत होतीस ना?"

"मी छप्पर आणि वायरिंग बघत होते. पाण्याचं एल्डनशी तू बोललास."

"मी करारापुरतं बोललो. पाणी जसं आहे तसं, तपासणी घेणाऱ्याने आपली आपण करायची. सरळ करार आहे. मला वाटलं पुढचं तू बघितलंस."

मी सिंकवरच्या नळाकडे बघितलं. मग तो म्हणाला, "लोक वर्षानुवर्षं पितायत, ब्रिन. कोणी मेलेलं दिसत नाही."

त्यानंतर मी मेबलचं पाणी आधीपेक्षा जास्त वेळ उकळायला लागले. झाकण काढून, चांगलं खळाखळा.

आणि मी बघायला लागले. लहान मूल कडेवर असलं की बाईच्या हिंडण्याचा कोणाला संशय येत नाही. मी मेबलला बाबागाडीत घालायचे आणि वाटेवरून वर-खाली फिरायचे. मर्सीची व्हॅन शनिवारी गावातून आली की ती मागचं दार लगेच उघडायची नाही, माझी पाठ फिरेपर्यंत वाट बघायची. एकदा मी वळणावर थांबले आणि झाडाआडून पाहिलं. व्हॅनमध्ये घोंगडीखाली निळे प्लास्टिकचे मोठे कॅन होते, दुकानाबाहेरच्या मशीनवर भरून मिळतात तसले. वेस्लीकडे मी मुद्दाम स्क्रू-ड्रायव्हर मागायला गेले. त्याच्या सिंकखालचं कपाट अर्धवट उघडं होतं, आत पांढऱ्या नळकांड्यांची रांग आणि एक छोटी टाकी. त्याने पायानेच कपाट लोटलं आणि विचारलं, "स्टारचा की साधा?"

सगळ्यात वाईट म्हणजे पंपघर. बोअरवर एल्डनने लाकडी खोपटं बांधलंय, त्याला भलंमोठं कुलूप. एका सकाळी तो तिथे पोती नेत होता. एक, मग आणखी एक, मग मी मोजायचं सोडलं. कसली पोती? पाण्यात टाकायची पावडर? वास मारायला? रंग मारायला? पाण्याला वास नव्हता, रंग नव्हता, चवही चांगली होती. उलट त्याचाच मला आता संशय यायला लागला होता. इतकं स्वच्छ कसं?

शेवटी न राहवून मी सरळ गेले.

एल्डन अंगणात लाकडं फोडत होता. सत्तरी उलटलेला माणूस, पण घाव नेमका.

"ये पोरी. आणि ही बघ, टोपीत मावेल एवढी होती परवापर्यंत." मेबलने त्याचं बोट धरलं.

"एल्डन, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावलो तर रागावलो. विचारणं तुझं, रागावणं माझं."

"तुम्ही पाण्याची तपासणी केली आहे?"

त्याने कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली. "अठरा वर्षांपूर्वी बोअर पाडली तेव्हा जंतूंची केली होती. स्वच्छ निघालं."

"त्यानंतर?"

"त्यानंतर कशाला? हे बघ." तो पायरीवर बसला. त्याला हे समजावण्यात खरंच आनंद वाटत होता. "सात घरं हे पाणी पितात. सगळी वाचणारी माणसं, सगळी संशयी. सरकारवर विश्वास नाही, डॉक्टरवर नाही, एकमेकांवरही बेताचाच. यातल्या कोणीच तपासलं नसेल असं वाटतं तुला? तपासलंच असणार. आणि वाईट निघालं असतं तर माझ्याशी भांडला असता, नाहीतर करार मोडून स्वतःची बोअर पाडली असती. आजवर एकाने करार मोडला नाही. म्हणजे काय?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे पाणी चांगलं आहे! साहेबाचा शिक्का खोटा असू शकतो. पण सात घरं वर्षानुवर्षं जे पाणी विकत घेतात, ते खोटं कसं असेल?"

त्याने अंगणातला नळ सोडला, ओंजळ भरली आणि माझ्यासमोर प्यायला. हनुवटीवरून ओघळलेलं पाणी बाहीने पुसलं. मी मनात म्हटलं, किती व्यवस्थित करतोय. आधी ठरवून ठेवल्यासारखं.

"आणि ती पोती?"

"कोणती?"

"पंपघरात नेलीत ती."

"बटाटे!" तो हसत सुटला. "आत गारवा असतो. कुलूप वेस्लीसाठी आहे. गेल्या साली निम्मे त्याने खाल्ले."

मी हसले नाही. माझ्या हिशेबाने एवढं गोड बोलणारा माणूस काहीतरी लपवत होता.

त्याच दुपारी मी ते केलं, जे आमच्या वाटेवर कोणी करत नाही. कोल्टर वरच्या खोलीत काम करत असताना गाडीत बसले, काचा चढवल्या आणि राज्याच्या पाणी-कचेरीत फोन लावला. नाव सांगितलं नाही. आवाज बारीक झाला होता, चोरी करतेय असा. पलीकडच्या बाईने शांतपणे विचारलं, "घरं किती?"

"सात."

"मग तुमची बोअर खासगी विहिरीत धरली जाते, मॅडम. एवढ्या लहान विहिरी आमच्या नियमांत येत नाहीत. तुमची विहीर, तुमची तपासणी."

"तुम्ही कोणाला पाठवणार नाही?"

"नाही. पण तपासून घ्या हं. आपल्या भागातल्या खडकात आर्सेनिक असतं. खासगी लॅबकडून बाटली मागवा."

मी फोन ठेवला. ज्या सरकारला आम्ही सगळे इतके घाबरतो, ते आमच्यासारखंच बोलत होतं. मला हसायला यायला हवं होतं, पण त्या बाईच्या तोंडचा एकच शब्द कानात राहिला होता. आर्सेनिक. म्हणजे सोमल. लहानपणी गोष्टींमध्ये राजांना घालायचे ते.

लॅबची बाटली आली, मी भरून पाठवली. निकाल येईपर्यंत मेबलला दुकानातलं पाणी. कोल्टरला सांगितलं तेव्हा त्याने कॅन स्वतः उचलून आत आणला.

वाट बघणं मला जमत नाही. मी मर्सीकडे गेले. ती शेळ्यांचं दूध काढत होती. तिचं कच्चं दूध आसपासच्या गावांतून लोक घ्यायला येतात.

"मर्सी, तू पाणी विकत का आणतेस?"

तिचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा चालू झाले. चरवीत धार वाजत राहिली.

"तू विचारतेयस म्हणून सांगते," ती म्हणाली. "दुसऱ्या खेपेला पोटुशी होते तेव्हा तपासलं होतं. आर्सेनिक निघालं. चालतं त्याच्या तिप्पट."

मेबल माझ्या खांद्यावर झोपली होती. मी तिला घट्ट धरलं असावं, कारण ती कुरकुरली.

"तिप्पट," मी म्हटलं. "आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"मर्सी! तू माझ्या बाळंतपणात सूप आणून देत होतीस!"

"सूप मी माझ्या पाण्यात करत होते."

हे तिने अगदी सरळपणे सांगितलं. तिच्या दृष्टीने तिने माझी काळजीच घेतली होती.

"मला वाटलं तुला माहीत असेल," ती म्हणाली. "तू शिकलेली, प्रत्येक डब्यावरचं बारीक वाचणारी. आणि तूच म्हणाली होतीस, पहिल्याच जेवणाला, सासूच्या सल्ल्यांना कंटाळून इथे आलेय, इथे कोणी न विचारता तोंड उघडत नाही ते बरं. म्हटलं, हिच्या घरात नाक खुपसायचं नाही."

"तोंडाला येतं ते बोलतं माणूस! आणि एल्डन? त्याला तरी सांगायचंस."

"त्याला माहीत आहे."

"त्याने सांगितलं तुला?"

"सांगेल कशाला? स्वतःच्या बोअरचं ज्याला त्याला माहीत असतंच. गप्प बसतो बिचारा, म्हणून मीही गप्प." मग तिने आवाज खाली आणला. शेळ्यांपासूनही लपवावं असा. "आणि खरं सांगू? हे बाहेर गेलं तर कचेरीतली माणसं येतील. आज बोअर बघतील, उद्या माझं दूध बघतील. तूही कोणाला फोनबिन करू नकोस हं."

"केला," मी म्हटलं. "ते येणार नाहीत. त्यांनाही आपल्याशी काही देणंघेणं नाही."

मर्सीचं तोंड उघडंच राहिलं. मी निघाले.

निकाल फोनवर आला. मर्सीने सांगितलं होतं त्यापेक्षाही जास्त. लॅबमधल्या माणसाने विचारलं, बाळासाठी वापरताय का? मी म्हटलं, उकळून. तो म्हणाला, उकळल्याने पाणी उडून जातं, आर्सेनिक मागे राहतं. उलट दाट होतं.

मी फोन ओट्यावर ठेवला. झाकण काढून, चांगलं खळाखळा. कोल्टरने मागून येऊन मला धरलं. त्याच दुपारी मेबलला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी लघवी तपासायला घेतली, निकालाला आठवडा लागेल म्हणाले. "दिसायला उत्तम आहे. पाणी बदललंत ना? मग सध्या तेवढंच." डॉक्टरांना तेवढंच वाटतं.

परत येताना शेवटच्या घराच्या खिडकीत रोझलिन दिसली. सिंकपाशी उभी राहून किटली भरत होती.

"थांबव," मी कोल्टरला म्हटलं.

"ब्रिन, विचार कर. एल्डनचा धंदा आहे तो. आधी त्याच्याशी बोल. त्याच्या मालाबद्दल त्याच्या पाठीमागे..."

"गाडी थांबव, कोल्टर."

त्याने थांबवली. मी रोझलिनचं दार वाजवलं आणि न विचारता सांगितलं. ती पोटावर हात ठेवून ऐकत राहिली. किटली अजून दुसऱ्या हातात होती. शेवटी म्हणाली, "पण त्या दिवशी टेबलावर सगळे इतके छान वागले माझ्याशी." मी तिच्या हातातली किटली सिंकमध्ये रिकामी केली. कोल्टर गाडीतून उतरला होता. मर्सीने आणलेले असतात तसले दोन कॅन आमच्या डिकीत होते, ते त्याने तिच्या दारात नेऊन ठेवले.

मग मी एकेक दार घेतलं. बहुतेकांना माहीत होतं. कोणी सिंकखाली आरओ बसवला होता, कोणी बाटल्या आणत होतं. प्रत्येकाला वाटत होतं की बाकीच्यांनी आपापलं बघितलं असेल. वेस्ली तर चक्क दुखावला.

"मी पदरचे पैसे मोडून तपासणी केली," तो म्हणाला. "ती माहिती माझी आहे. विकत मागितली असतीस तर दिली असती."

"माझी पोर ते पाणी पीत होती, वेस्ली. गेल्या आठवड्यात तू तिला उंच उडवत होतास."

त्याचे कान लाल झाले. "मला कसं कळणार ती वरचं दूध पिते? असलं काही बाईला विचारतात का?" मग जरा वेळाने, "आणि एल्डनने जाणूनबुजून विकलं, ती खरी फसवणूक. राग त्याच्यावर काढ."

रागच घेऊन मी एल्डनकडे गेले. तो जेवायला बसत होता. बटाट्याचं सूप, पाव, आणि बशीशेजारी भरलेला ग्लास. मी दारातूनच आकडा सांगितला. तो नुसता बघत राहिला. मी पुन्हा सांगितला.

"आपल्या पाण्यात?" तो म्हणाला.

त्याने ग्लास उचलला, उजेडाकडे धरला, आतून बाहेरून बघितला. आणि मला कळलं की या माणसाला काहीच माहीत नव्हतं. इतके दिवस मी ज्याला पक्का लबाड समजत होते, तो इथल्या जुन्या माणसांतला एकटाच ते पाणी निर्धास्त पीत होता. अठरा वर्षं.

"कोणाकोणाला माहीत होतं?" त्याने विचारलं.

सांगावं की नाही? ज्याचं त्याने सांगावं, हीच तर आमची रीत. मी नावं घेतली. प्रत्येक नावाला त्याची मान थोडी हलायची. मर्सीच्या नावाला तो म्हणाला, "मर्सीलासुद्धा," आणि सुपाची बशी बाजूला सारली.

"त्यांना वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"आणि मला वाटलं, ते पितायत." तो उठला. खुंटीवरची टोपी घातली, किल्ल्या घेतल्या.

"कुठे निघालात?"

"पंप बंद करायला."

"एल्डन, एकदम? सगळी घरं कोरडी पडतील. अंघोळी, संडास. आधी सगळ्यांना कळवा, बैठक घ्या."

"दुसऱ्याच्या अंगाला त्याच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही," तो म्हणाला. जुडग्यातून त्याने पंपघराची किल्ली वेगळी काढली. "अठरा वर्षं मी पोरांच्या अंगात विष घालत होतो. आणखी एक रात्र घालू? बैठकीत मतं घेऊन?"

त्याने खरंच बंद केला. माझ्यामागे पंपाची घरघर थांबली तेव्हा वाटेवर इतकं सामसूम झालं की माझ्या खांद्यावर झोपलेली मेबल दचकून जागी झाली.

पुढचे दिवस वाईट गेले. अंघोळीला माणसं गावातल्या ओळखीपाळखीच्यांकडे जात होती, संडासासाठी ओढ्याचं पाणी बादल्यांनी. समोरून मला कोणी काही म्हणालं नाही, ती आमची पद्धत नाही. पण बाबागाडी घेऊन निघाले की लोकांना नेमकं काहीतरी आठवायचं आणि ते घरात जायचे. वेस्ली मोठ्याने, मला ऐकू जाईल असं, म्हणाला, "सरकारी इन्स्पेक्टर परवडला, तो रविवारी सुटी तरी घेतो." मर्सीने मात्र एका संध्याकाळी येऊन विचारलं, "मेबलचा रिपोर्ट आला का?" विचारलं आणि स्वतःच दचकली, जणू न सांगता आमच्या घरात शिरली होती. तरी तिच्या हातातल्या पिशवीत काय आहे हे मी तिला विचारलंच, आणि आतला खाऊचा डबा तिने उघडून दाखवल्यावरच घेतला. ती रागावली नाही. मला तेही जरा संशयास्पदच वाटलं.

एल्डनने आपल्या वसुलीतून, म्हणजे पेन्शनमधून, बोअरवरच मोठा फिल्टर बसवला. बसवणाऱ्याच्या मागे मी उभी होते. बाहेर येणारं पाणी मी स्वतः दोन वेगळ्या लॅबना पाठवलं, आणि दोन्हींचं उत्तर जुळेपर्यंत कोणाला ग्लास धरू दिला नाही. यावेळी निकाल मी सातही दारांवर चिकटवला. कोणी फाडला नाही.

मेबलचा रिपोर्ट त्याच सुमाराला आला. थोडं वाढलेलं आहे, डॉक्टर म्हणाले. आता उतरायला हवं, काही आठवड्यांनी पुन्हा बघू. उतरेल ना? उतरायला हवं. यापेक्षा जास्त काही ते बोलेनात, आणि मी विचारायचं सोडेना.

त्या संध्याकाळी एल्डन आमच्या फाटकापाशी दिसला. आत येत नव्हता, जातही नव्हता. फाटकाची बिजागरी तपासल्यासारखं करत होता. मी पायरीवर गेले.

"तेल हवंय याला," तो म्हणाला.

"हो."

तो पुन्हा बिजागरीकडे वळला.

"विचारा ना, एल्डन."

त्याने टोपी काढली. "कशी आहे ती?"

मी सगळं सांगितलं, होतं तसं. त्याने मान खाली घालून ऐकलं. डोळे पुसले की घाम, कळलं नाही.

"आणि तुम्ही?" मी म्हटलं. "तुमची तपासणी केलीत?"

"माझं काय. माझं मी बघेन."

"अठरा वर्षं प्यायलात. डॉक्टरकडे कधी जाताय?"

"ब्रिन, हे माझं शरीर..."

"कधी जाताय?"

"सोमवारी," तो म्हणाला आणि टोपी घालून चालू लागला.

माझा विश्वास बसला नाही. सोमवारी सकाळी मी खिडकीत उभी राहिले. कोल्टर म्हणाला, "त्याची मर्जी, ब्रिन," पण म्हणता म्हणता मेबलला कोटही चढवत होता. एल्डनचा ट्रक जागचा हलला नाही. धुराड्यातून धूर निघत होता, म्हणजे स्वारी घरातच होती. मी मेबलला मागच्या सीटवर बांधलं आणि त्याच्या दारात जाऊन हॉर्न वाजवत राहिले, शेजारच्या घरांचे पडदे हलेपर्यंत.

तो बाहेर आला. शर्ट चांगला घातलेला होता.

"ही जबरदस्ती आहे," शेजारच्या सीटवर बसत तो म्हणाला.

"आहे."

"तत्त्वात बसत नाही."

"नाही बसत. बेल्ट लावा."

"या राज्यात मोठ्या माणसाला बेल्टची सक्ती नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं, आणि गाडी चालू केली नाही.